पहाऱ्यापासून शंभर यार्डांवर

हिंगोली जिल्ह्यात नाइटक्लब नाही. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा हळद, सोयाबीन, औंढ्याचा नागनाथ आणि नर्सीचे नामदेव यांच्यासाठी ओळखला जातो. पण हिंगोलीच्या मुली आता फक्त हिंगोलीत नाहीत. वसमतची, सेनगावची, कळमनुरीची मुलगी बारावीनंतर नांदेडला जाते, छत्रपती संभाजीनगरला जाते, पुण्याला जाते. मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते, नोकरीला लागते आणि एखाद्या शनिवारी ऑफिसच्या लोकांबरोबर पबमध्येही जाते. पुण्या-मुंबईच्या कुठल्या पबमध्ये मुलीच्या ग्लासात काहीतरी मिसळल्याची बातमी आली की घोर इथल्या घरांना लागतो. त्या घोरातून जो पहिला प्रश्न निघतो, तो बहुधा मुलीलाच विचारलेला असतो: तू तिथे गेलीसच कशाला?

हा प्रश्न गुन्हेगाराच्या किती कामी येतो, ते या प्रकरणात पाहायचं आहे. त्यासाठी आधी हिंगोलीच्याच इतिहासात जावं लागेल.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंगोली ही निजामाच्या राज्यातली लष्करी छावणी होती. फिलिप मेडोज टेलर या अधिकाऱ्याचं नाव नळदुर्ग-तुळजापूर भागातल्या वाचकांना परकं नाही. १८३९ साली त्याने ठगाच्या कबुलीजबाबावर कादंबरी लिहिली, तिच्या प्रस्तावनेत हिंगोलीच्या छावणीची हकिगत आहे. या भागातल्या ठगांचा म्होरक्या होता हरीसिंग. तो छावणीतला प्रतिष्ठित व्यापारी होता आणि खुद्द टेलरचा त्याच्याशी देण्याघेण्याचा व्यवहार होता. एकदा हरीसिंगाने कॅप्टन रेनॉल्ड्स या अधिकाऱ्याकडे मुंबईहून कापड आणण्यासाठी परवाना मागितला. दुसऱ्या एका व्यापाऱ्याचं कापड त्या वाटेने येत असल्याचं त्याला ठाऊक होतं. त्याने तो व्यापारी, त्याची माणसं आणि गाडीवान यांचा खून केला, सरकारी परवान्यावर माल हिंगोलीत आणला आणि छावणीतच उघडपणे विकला. पकडला गेल्यावर त्याने स्वतः सांगितलं नसतं, तर हे कधीच कळलं नसतं. टेलर पुढे लिहितो की छावणीच्या बाजारातच, मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत अनेकांचे खून पडले आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर प्रेतं पुरली गेली.

ठगांबद्दलच्या इंग्रजी वर्णनांत अतिशयोक्ती किती आणि राज्यकर्त्यांची सोय किती, यावर इतिहासकारांनी पुढे पुष्कळ वाद घातला आहे आणि तो रास्त आहे. ठगांना एक गूढ धर्मपंथ ठरवण्यात इंग्रजांचा स्वार्थ होता. तरीही हिंगोलीच्या हकिगतीतला गाभा त्या वादाने हलत नाही. मारणारा रानातून आला नव्हता, त्याचं बाजारात दुकान होतं. ज्यांनी त्याला ओळखायचं, त्यांचा त्याच्याशी रोजचा व्यवहार होता.

ठगांचं हत्यार रुमाल. पण त्याच काळातल्या कागदपत्रांत ‘धतुरिया’ नावाची आणखी एक जात गुन्हेगारांची आढळते. धर्मशाळेत, वाटेवरच्या झाडाखाली हे लोक प्रवाशांशी ओळख काढत, एकत्र स्वयंपाक करत आणि पिठात किंवा भाजीत धोत्र्याच्या बियांची पूड मिसळत. धोत्रा आपल्याकडे कुठेही उगवतो, गावठाणाच्या कडेला, उकिरड्यावर. श्रावणात आणि महाशिवरात्रीला त्याची फुलंफळं शंकराला वाहतात. त्याच्या बिया वरवर मिरचीच्या बियांसारख्या दिसतात. त्यातली हायोसिन आणि अॅट्रोपिन ही द्रव्यं पोटात गेली की तोंड कोरडं पडतं, बुबुळातली बाहुली मोठी होते, माणूस बरळतो, हवेत काहीतरी वेचू लागतो. त्यातून वाचलाच, तर त्या तासांचं त्याला फारसं काही आठवत नाही. न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत धोत्र्याला अजूनही ‘रस्त्यावरचं विष’ असं म्हटलेलं आढळतं.

१८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ३२८ आलं, ते अशा गुन्ह्यांचा अनुभव गाठीशी असलेल्या राज्यात. इजा करण्याच्या किंवा गुन्हा सोपा करण्याच्या हेतूने कुणाला विष, गुंगी आणणारा, मादक वा अपायकारक पदार्थ दिला तर दहा वर्षांपर्यंत कैद. १ जुलै २०२४ पासून हेच कलम भारतीय न्याय संहितेत १२३ क्रमांकाने आलं आहे. ठगांसाठीची जुनी ३१० आणि ३११ ही कलमं नव्या संहितेत गाळली गेली, गुंगीच्या औषधाचं कलम मात्र राहिलं. राहायलाच हवं होतं. हे कलम नीट वाचलं की लक्षात येतं, पुढचा अत्याचार घडायची वाट कायदा पाहत नाही. त्या हेतूने ग्लासात गोळी टाकून ते पेय दिलं, इथेच गुन्हा पुरा होतो.

धोत्र्याची जागा आता औषधाच्या दुकानातल्या गोळ्यांनी घेतली आहे. झोपेसाठी, अस्वस्थतेसाठी, फिट्ससाठी दिली जाणारी बेन्झोडायझेपीन गटातली औषधं म्हणजे लोराझेपाम, अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम. पाश्चात्त्य देशांत यांतल्याच फ्लुनिट्राझेपामचं ‘रोहिप्नॉल’ हे नाव कुप्रसिद्ध झालं. पूर्वी ती गोळी पेयात कसलाही रंग न सोडता विरघळायची. १९९० च्या दशकाच्या अखेरीस कंपनीने ती सावकाश विरघळणारी आणि पेय निळं करणारी बनवली. त्याशिवाय केटामाइन आहे आणि जीएचबी नावाचं द्रव आहे. आपल्याकडे लोराझेपाम, अल्प्राझोलामसारख्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. २०१४ पासून लागू झालेल्या ‘शेड्यूल एच-वन’ नियमाखाली येणाऱ्या औषधांसाठी दुकानदाराला रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव वेगळ्या वहीत लिहावं लागतं आणि ती वही तीन वर्षं जपून ठेवावी लागते. पबच्या दारातल्या झडतीइतकीच ही वही महत्त्वाची आहे, असं मला वाटतं. तिच्याकडे बघायला मात्र फार कुणी जात नाही.

या गोळ्या शरीरात काय करतात, हे समजल्याशिवाय पुढचं काहीच नीट कळत नाही. मेंदूत चेतापेशींना शांत करणारं ‘गाबा’ नावाचं रसायन असतं. बेन्झोडायझेपीन त्याचा प्रभाव वाढवतात. त्यामुळे भीती कमी होते, स्नायू सैल पडतात, झोप येते आणि नवी आठवण साठवण्याचं काम थांबतं. यातला शेवटचा परिणाम सगळ्यात फसवा आहे, कारण माणूस आडवा पडेलच असं नाही. दुर्बिणीच्या तपासणीआधी याच गटातलं मिडाझोलाम देतात तेव्हा रुग्ण डॉक्टरांशी बोलतो, सांगितलं की कुशीवर वळतो, आणि तासाभराने विचारतो, “तपासणी सुरू कधी होणार?” जुन्या आठवणी शाबूत, तेवढ्या वेळेची पाटी कोरी.

आता हीच अवस्था पबबाहेरच्या सीसीटीव्हीत पाहा. मुलगी स्वतःच्या पायांनी चालत गाडीकडे जाताना दिसते, कदाचित हसतेही. “ती तर आपण होऊन गेली,” असं आरोपीचा वकील म्हणतो आणि पाहणाऱ्यालाही तसंच वाटतं. पण चालता येणं आणि संमती देता येणं यांत वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने मोठं अंतर आहे, आणि कायद्याच्या दृष्टीनेही. नशेत किंवा गुंगीचा पदार्थ दिल्यामुळे स्त्रीला आपण कशाला होकार देतोय हेच कळत नसेल, तर तो होकार मानला जात नाही आणि ते कृत्य बलात्कार ठरतं. ही तरतूद १९८३ च्या दुरुस्तीने आली आणि त्या दुरुस्तीची मुळं महाराष्ट्रात आहेत. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. मथुरा प्रकरण म्हणून देश ते ओळखतो. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं, कारण मुलीने प्रतिकार केल्याच्या खुणा न्यायालयाला दिसल्या नाहीत. चार कायदेतज्ज्ञांनी त्या निकालाविरुद्ध खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर उतरल्या आणि कायदा बदलला. प्रतिकाराच्या खुणा नसणं म्हणजे संमती नव्हे, हे या देशाला गडचिरोलीच्या वाटेवरच्या एका गावाने शिकवलं.

इंग्लंडमध्ये हा विषय २०२१ च्या शरदात पेटला. करोनानंतर क्लब उघडले, विद्यापीठं भरली आणि पेयात काही मिसळल्याच्या, इतकंच नव्हे तर गर्दीत सुई टोचल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. ऑक्टोबरमध्ये शहराशहरांत विद्यार्थिनींनी एका रात्रीपुरता क्लबांवर बहिष्कार टाकला. मे २०२२ ते एप्रिल २०२३ या वर्षात इंग्लंड आणि वेल्सच्या पोलिसांकडे ६,७३२ तक्रारी आल्या, त्यांपैकी ९५७ सुईच्या होत्या. सुईतून औषध दिल्याचं प्रयोगशाळेत सिद्ध झालेली उदाहरणं मात्र अगदी थोडी. त्यावरून काहींनी सगळाच प्रकार घबराट म्हणून निकालात काढला, ते चूक होतं. पुरावा न सापडण्याची कारणं पुष्कळ असतात आणि त्यांतलं सर्वात मोठं कारण वेळ हे आहे. शिवाय तपासलेल्या नमुन्यांत सर्वांत जास्त वेळा सापडते ती साधी दारूच. न सांगता ग्लासात वाढवलेला पेग, ‘यात फक्त ज्यूस आहे’ म्हणून हातात दिलेली व्होडका, हेही मिसळणंच आहे. त्यासाठी कुठलं दुर्मीळ रसायन लागत नाही.

आणि क्लबही लागत नाही. फ्रान्समधल्या माझाँ गावातल्या जिझेल पेलिको यांना त्यांचा नवरा जवळजवळ दहा वर्षं जेवणातून, पेयातून लोराझेपाम देत होता आणि परक्या पुरुषांना घरी बोलावत होता. त्या विसराळूपणासाठी डॉक्टरांकडे जात राहिल्या, आपल्याला काही मेंदूचा आजार झालाय अशी त्यांना भीती वाटत होती. १९ डिसेंबर २०२४ रोजी नवऱ्यासह ५१ पुरुष दोषी ठरले, नवऱ्याला २० वर्षांची शिक्षा झाली. हे पुरुष कोण होते? नोकरदार, कामगार, बापमाणसं. जिझेल यांनी नाव झाकून ठेवण्याचा आपला हक्क सोडला आणि खटला उघड चालवायला लावला. लाज वाटायचीच असेल तर ती करणाऱ्याला वाटावी, ही त्यांची भूमिका होती.

मराठवाड्यातली वर्तमानपत्रं पाहा. ‘शीतपेयातून गुंगीचे औषध देऊन अत्याचार’ हा मथळा नवा नाही. ठिकाण असतं लॉज, मित्राची खोली, नातेवाइकाचं घर. आरोपी असतो ओळखीतला, नात्यातला, लग्नाचं वचन दिलेला. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांत वर्षानुवर्षं हेच दिसतं की बलात्काराच्या नोंदवलेल्या गुन्ह्यांत ९० टक्क्यांहून अधिक वेळा आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. म्हणून ‘आपल्याकडे पब नाहीत, आपल्या मुली सुरक्षित’ असं म्हणणाऱ्या जिल्ह्याने हरीसिंगाचं दुकान आठवावं.

आता ‘तू तिथे गेलीसच कशाला’ या प्रश्नाकडे येतो. पूर्णा–अकोला मार्गावर प्रवास करणाऱ्या हिंगोलीकराला रेल्वेची ती सूचना पाठ असते: अनोळखी व्यक्तीने दिलेलं खाऊ-पिऊ नका. बिस्किटातून, चहातून गुंगी देऊन लुटण्याचे प्रकार रेल्वेत वर्षानुवर्षं घडत आले आहेत. असा लुटलेला माणूस शुद्धीवर आला की स्टेशनवरचे लोक त्याला पाणी देतात, पोलीस दवाखान्यात नेतात, घरचे म्हणतात, जीव वाचला हे नशीब. ‘तू रेल्वेत बसलासच कशाला’ असं त्याला कुणी विचारत नाही. त्याचे कपडे, त्याचे मित्र, घरातून निघण्याची वेळ यांची चौकशी होत नाही. त्याने बिस्किट खाल्लं हा त्याचा भोळेपणा ठरतो, चारित्र्याचा दोष ठरत नाही. गोळी तीच असते, बहुधा लोराझेपामच, आणि कलमही तेच. फरक फक्त गोळी पोटात गेलेलं माणूस बाई आहे एवढाच.

गोव्यात हे साऱ्या जगासमोर घडलं. १८ फेब्रुवारी २००८ च्या पहाटे हणजुणेच्या किनाऱ्यावर १५ वर्षांची एक ब्रिटिश मुलगी मृतावस्थेत सापडली. पोलिसांनी आधी बुडून मृत्यू असं म्हटलं. आईने हट्ट धरला म्हणून दुसरं शवविच्छेदन झालं आणि अंगावरच्या जखमा नोंदल्या गेल्या. तपास सीबीआयकडे गेला. तिला अमली पदार्थ देऊन तिच्यावर अत्याचार केल्याचा आणि तिला तशीच मरायला सोडल्याचा आरोप दोघांवर ठेवला गेला. २०१६ मध्ये गोव्याच्या बाल न्यायालयाने दोघांनाही सोडलं. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्यांतल्या एकाला सदोष मनुष्यवधासह इतर गुन्ह्यांत दोषी ठरवून दहा वर्षांची सक्तमजुरी दिली. अकरा वर्षं. त्या वर्षांत चर्चा कशाची झाली? आईने मुलीला एकटं कसं सोडलं, याची. पहिल्या दिवसाचा पंचनामा आणि पहिलं शवविच्छेदन नीट झालं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न त्या चर्चेच्या तळाशी गेला. त्या मुलीच्या मृत्यूनंतरच्या जानेवारीत, २००९ मध्ये, मंगळूरच्या एका पबमध्ये शिरून काही जणांनी मुलींना मारहाण केली आणि त्याला संस्कृतीचं रक्षण म्हटलं. २०१८ साली त्या खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. मुलींना मारून त्यांचं रक्षण होतं, असं मानणारी माणसं पोलीस ठाण्यातही असतात, घरातही असतात.

आणि हे सगळं अखेर तासांच्या हिशेबावर येऊन थांबतं. जीएचबी रक्तातून काही तासांत जातं आणि लघवीत साधारण बारा तासांपर्यंतच सापडतं. दारूही पुढच्या सकाळपर्यंत ओसरते. बेन्झोडायझेपीन लघवीत दोन-तीन दिवस, काही जास्तही, टिकतात. आदल्या रात्रीचं काही आठवत नसलेली मुलगी सकाळी उठते तेव्हा तिला नेमकं काय झालं हेच कळत नसतं. डोकं जड, अंग दुखतंय, मोबाइलवर अनोळखी वेळी केलेले कॉल. तिच्या मनात पहिला विचार येतो, घरी कळलं तर? घरी कळलं तर परत बोलावतील, शिक्षण बंद होईल, यंदाच्या उन्हाळ्यात स्थळ बघतील. ती आंघोळ करते, कपडे धुते, मैत्रिणीलाही सांगत नाही. सांगायचं धाडस होईपर्यंत आठवडा जातो, आणि शरीरातला पुरावा आठवडाभर थांबत नाही. ‘तू तिथे गेलीसच कशाला’ हा प्रश्न असा आरोपीच्या मदतीला येतो. तो विचारलाही जावा लागत नाही. विचारला जाईल या भीतीनेच काम होतं. घरात इतर बाबतींत हा प्रश्न ज्यांनी सतत विचारला आहे, त्यांनी आपल्या मुलीचा पुरावा आधीच वाया घालवलेला असतो. हे कठोर वाटेल, पण मला ते असंच वाटतं.

नमुना दिला म्हणजे काम संपलं असंही नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरच्या अपघातानंतर रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातल्या दोन डॉक्टरांना अटक झाली, तेव्हा नमुना घेणारा हात, सील आणि चिठ्ठी यांचं मोल साऱ्या राज्याला कळलं. महाराष्ट्रात या बाबतीत चांगलं कामही झालं आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी वैद्यकीय संस्थेतले डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी अत्याचारानंतरच्या वैद्यकीय तपासण्या किती ढिसाळ होतात हे अहवालातून मांडलं आणि प्रकरण नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. २०१४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने देशभरासाठी तपासणीची पद्धत ठरवून दिली. गुंगीचा पदार्थ दिल्याचा संशय असेल तर रक्त आणि लघवी दोन्ही घ्यावं, हे त्यात आहे.

समजा, पुण्यात शनिवारी रात्री असं काही घडलं आणि सोमवारी सकाळी मुलगी रात्रीच्या गाडीने हिंगोलीत उतरली. जीएचबी गेलेलं असेल. पण गोळी असेल तर लघवीत ती अजून असण्याची चांगली शक्यता आहे. घटना पुण्याची म्हणून हिंगोलीचं पोलीस ठाणं तिला परत पाठवू शकत नाही, ‘झिरो’ क्रमांकाने गुन्हा नोंदवून पुण्याला पाठवणं त्याच्यावर बंधनकारक आहे. तक्रार द्यायची की नाही हे ठरलं नसलं तरी दवाखान्यात आधी जाता येतं. सरकारी असो वा खाजगी, बलात्काराच्या पीडितेवर तातडीचे उपचार मोफत करणं रुग्णालयाला कायद्याने भाग आहे, आणि नाकारणं हा गुन्हा आहे. मात्र रुग्णालय पोलिसांना कळवतं, हे तिला आधी ठाऊक असावं. तपासणी तिच्या संमतीनेच होते, आणि तिची ओळख छापणं वा पसरवणं हाही गुन्हा आहे. रक्त फ्लोराइड असलेल्या कुपीत घ्यावं लागतं, म्हणजे ते टिकतं. कुपीवर नुसती तारीख पुरत नाही, नमुना किती वाजता घेतला तेही हवं. ती शेवटची लघवीला कधी गेली, उलटी झाली होती का, नेहमीची कोणती औषधं घेते, हे लिहून घ्यायला डॉक्टरांना सांगावं. रासायनिक तपासणीसाठी प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा जवळ नांदेडलाच आहे. महिना उलटून गेला असेल तरी केसांच्या तपासणीतून काही औषधांचा माग लागू शकतो, परदेशी प्रयोगशाळांनी ते अनेक खटल्यांत केलं आहे. त्या रात्रीचे कपडे धुवू नयेत, आणि प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नयेत. ओल राहून पुरावा कुजतो, म्हणून कागदी पिशवी घ्यावी, प्रत्येक कपड्याला वेगळी. महिला हेल्पलाइन १८१ आहे, पोलिसांसाठी ११२. हे सगळं घडत असताना मुलीबरोबर जे कुणी जाईल, त्याने तिथे का गेलीस हे विचारू नये. तपासाला त्याची गरज नसते. काय प्यायलीस, कुणी आणून दिलं आणि किती वाजता, एवढं मात्र तिला आठवेल तितकं लगेच लिहून ठेवावं.